खिशातील नकाशा: पत्ता, उपग्रह आणि मुक्त संहिता

पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर दहिसर मागे पडले की मुंबई महानगरपालिकेची हद्द संपते आणि ठाणे जिल्ह्यात मोडणारे, मीरा रोड व भाईंदर ही दोन स्थानके असलेले मीरा-भाईंदर शहर सुरू होते. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाखांच्या पुढे गेली. म्हणजे एका दशकात जवळपास तीन लाखांची भर अशा भूमीवर पडली, जिचा बराचसा भाग आधीच्या पिढीला शेत, मिठागर किंवा खाजण म्हणून ठाऊक होता. नवघर, घोडबंदर, पेणकरपाडा, राई, मुर्धे, उत्तन ही जुन्या गावांची नावे अजून टिकून आहेत, परंतु मीरा रोड पूर्वेला राहणारा माणूस पत्ता सांगताना गावाचे नाव क्वचितच घेतो. तो बेव्हर्ली पार्क, शांती नगर किंवा कनाकिया म्हणतो. ही नावे गृहसंकुलांबरोबर आली, जुन्या दप्तरांत त्यांना पूर्वज नाही, आणि बेव्हर्ली पार्क नेमके कुठे सुरू होते व कुठे संपते हे रिक्षावाला, पोस्टमन आणि रहिवासी यांच्या रोजच्या बोलण्यातूनच ठरत जाते.

अशा उपनगरात हातातला फोन जेव्हा पडद्यावर निळा ठिपका दाखवतो, तेव्हा त्या ठिपक्यामागे चार वेगवेगळ्या गोष्टी काम करीत असतात: आकाशातून मिळणारे स्थान, त्या स्थानाखाली अंथरलेला नकाशा, दोन्हींची सांगड घालणारे सॉफ्टवेअर आणि नावे वाचता यावीत म्हणून लागणारी लिपी. स्थान उपग्रहांकडून सर्वांना विनामूल्य मिळते. उरलेल्या तीन गोष्टी माणसांनी घडवलेल्या असतात, आणि त्या चुकल्या तर वापरणाऱ्याला त्या दुरुस्त करता येतील की नाही हे उपकरणाच्या किमतीवर नव्हे, तर त्या गोष्टी कोणत्या परवान्याखाली दिल्या आहेत यावर ठरते. फोन विकत घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि बॅटरीचे मिलीअँपिअर-तास बारकाईने पारखले जातात. प्रवासात प्रत्यक्ष अडवणारी किंवा तारणारी गोष्ट मात्र दुकानातल्या त्या यादीत बहुधा नसते, आणि म्हणून तिचा विचार सविस्तर करणे आवश्यक आहे.

सुरुवात स्थानापासून करावी, कारण त्याविषयीचा एक गैरसमज फार खोलवर रुजला आहे: जीपीएस चालण्यासाठी इंटरनेट लागते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः फोनमधील जीपीएस चिप केवळ ऐकते, उपग्रहाला ती काहीही पाठवत नाही, आणि म्हणूनच विमान मोडमध्ये, सिम कार्ड काढून टाकलेल्या फोनमध्येही ती आपले काम करू शकते. जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेली प्रणाली असून तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा प्रत्येक उपग्रह स्वतःचे स्थान आणि आपल्या आण्विक घड्याळातील वेळ अखंड प्रक्षेपित करीत राहतो. तो संदेश जमिनीवर पोहोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो, आणि या विलंबावरून चिप उपग्रहापासूनचे आपले अंतर काढते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की जागा निश्चित होते, तरीही चौथा उपग्रह लागतोच, कारण फोनमधील घड्याळ उपग्रहातील घड्याळाइतके अचूक नसते आणि त्याची चूक किती आहे हे चौथे अज्ञात म्हणून सोडवावे लागते. वेळेत एका मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरने चुकते. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार उपग्रहातील घड्याळ जमिनीवरील घड्याळापेक्षा दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात ११ किलोमीटरच्या आसपास गोंधळ साचेल. विसाव्या शतकातील भौतिकशास्त्राचा हा सूक्ष्म हिशेब आज रिक्षा शोधणाऱ्या कोणाच्याही खिशात चालू असतो, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

इंटरनेटचा संबंध येतो तो वेगापुरता. उपग्रहाचा संदेश सेकंदाला केवळ ५० बिट या संथ गतीने येतो. एका उपग्रहाच्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रक्षेपित होतो, तर सर्व उपग्रहांचे एकत्रित पंचांग पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. मोबाइल नेटवर्क असेल तर हीच माहिती फोनला तत्काळ मिळते आणि ठिपका काही क्षणांत उमटतो. नेटवर्क नसलेल्या जागी फोन उघड्या आकाशाखाली काही मिनिटे स्थिर धरला, तर तेच काम थोडे उशिरा पण तितक्याच अचूकपणे होते. डोंगरात गेल्यावर जीपीएस बंद पडले असे मानून फोन पिशवीत टाकणारे अनेक जण केवळ ही दोन-चार मिनिटे थांबलेले नसतात.

नागरी वापरासाठीचा संकेत अमेरिका पूर्वी मुद्दाम बिघडवून देत असे आणि त्यामुळे स्थान १०० मीटरपर्यंत चुके. मे २००० च्या प्रारंभी हा अडथळा काढण्यात आला आणि गाडीतल्या, पुढे फोनमधल्या मार्गदर्शनाचा पाया तिथे घातला गेला. परक्या लष्कराच्या मर्जीवरचे हे अवलंबित्व कमी व्हावे म्हणून भारताने नाविक ही प्रादेशिक प्रणाली उभारली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आणि मूळ आराखड्यातील सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी सोडला गेला. भारत आणि सीमेपासून सुमारे १,५०० किलोमीटरपर्यंतचा प्रदेश हे तिचे क्षेत्र आहे, आणि तिचे उपग्रह भारतीय आकाशातच वावरत असल्यामुळे त्यांतले काही डोक्यावर बरेच उंच दिसतात. आयात केलेली आण्विक घड्याळे बंद पडण्याचा फटका या प्रणालीला बसला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये म्हणूनच देशात बनवलेले रुबिडियम घड्याळ बसवले गेले. दोन-तीन प्रणालींचे संकेत एकत्र ऐकणाऱ्या चिप आता सामान्य फोनमध्येही असतात.

उपग्रह उंच दिसण्याला बेव्हर्ली पार्कसारख्या वस्तीत विशेष महत्त्व आहे. उंच इमारतींच्या दोन रांगांमधल्या रस्त्यावर आकाशाची एक पट्टीच मोकळी राहते. क्षितिजाजवळच्या उपग्रहाचा संकेत एक तर अडतो किंवा समोरच्या भिंतीवर आदळून, लांबचा मार्ग घेऊन फोनपर्यंत येतो, आणि परावर्तित संकेताने वाढलेले हे अंतर चिप खरे धरून चालते. परिणामी उघड्या मैदानात चार-पाच मीटरपर्यंत अचूक असणारा ठिपका इमारतींमध्ये पलीकडच्या गल्लीत उडी मारतो. लोकलच्या धातूच्या डब्यात दाराजवळ उभ्या असलेल्याला मिळणारे स्थान आणि आत बसलेल्याला मिळणारे स्थान यांत फरक पडतो तो याच कारणाने. मोबाइलवर कागदविरहित उपनगरी तिकीट स्थानकाच्या आत किंवा रुळांलगत काढता येऊ नये यासाठी रेल्वेने जीपीएसचीच कुंपणरेषा आखली, आणि ठिपक्याच्या या उड्या किती व्यावहारिक असतात हे त्यामुळे लाखो प्रवाशांच्या अनुभवाचा भाग झाले.

स्थान मिळाले तरी पत्ता मिळत नाही. अक्षांश-रेखांशाचे दशांश कोणी तोंडाने सांगत नाही, आणि अमुक सिनेमागृहाच्या मागे, तमुक बँकेच्या वर ही आपली रूढ पद्धत बाहेरून आलेल्याला निरुपयोगी ठरते. भारतीय टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या सहकार्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हा या प्रश्नावरचा एक सुबक उपाय आहे. भारत आणि आसपासचा समुद्र सामावेल असा ३६ अंशांचा चौकोन कल्पून त्याचे ४ गुणिले ४ असे १६ भाग पाडायचे, प्रत्येकाला एक अक्षर किंवा अंक द्यायचा, मग निवडलेल्या भागाचे पुन्हा १६ भाग पाडायचे, आणि असे दहा वेळा करायचे. दहाव्या पायरीला उरतो तो साधारण चार मीटर लांबी-रुंदीचा तुकडा, आणि वाटेत जमा झालेली दहा चिन्हे हा त्याचा पत्ता. हा केवळ गणिती हिशेब असल्यामुळे तो नेटवर्कशिवाय कोणत्याही उपकरणावर करता येतो, आणि टपाल खात्याने त्याची संहिता सर्वांसाठी खुली केली आहे, ही सरकारी कामाच्या परंपरेत ठळकपणे नोंदवावी अशी गोष्ट आहे. उंची मात्र या पद्धतीत धरलेली नाही. पंधराव्या मजल्यावरचे घर आणि त्याच्या खालचे किराणा दुकान यांचा डिजिपिन एकच येतो, त्यामुळे उभ्या वाढणाऱ्या उपनगरात इमारतीचे नाव आणि सदनिकेचा क्रमांक यांची गरज संपत नाही.

ही नावे जिथे नोंदवायची तो नकाशा कोणाचा असतो, हा यापुढचा प्रश्न आहे. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे दीर्घकाळ बंधनात होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी स्वतंत्र नकाशामालिका मान्य केली आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय भौगोलिक माहिती गोळा करण्याची व प्रसिद्ध करण्याची मोकळीक दिली. खासगी कंपन्यांचे नकाशे दरम्यान फोनवर येऊन पोहोचले होते, आणि ते पाहणे फुकट असले तरी त्यामागची माहिती त्या कंपन्यांची मालमत्ता राहिली. रहिवाशाने त्यात दुरुस्ती सुचवली तर ती स्वीकारायची की नाही हे कंपनी ठरवते, आणि स्वीकारलेली दुरुस्तीही त्या रहिवाशाला स्वतःच्या कामासाठी उतरवून घेता येत नाही.

ओपनस्ट्रीटमॅप हा प्रकल्प याला पर्याय म्हणून उभा राहिला. ब्रिटनमध्ये सरकारी नकाशांची माहिती महाग आणि बंदिस्त असल्याने स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये तो सुरू केला. कोणीही खाते उघडून रस्ता, इमारत किंवा बसथांबा नोंदवू शकतो, आणि जमा झालेली सर्व माहिती कोणीही उतरवून घेऊ शकतो. २०१२ पासून तिला लागू असलेला परवाना दोन अटी घालतो: श्रेय द्यावे, आणि या माहितीत भर घालून नवा संग्रह प्रसिद्ध केला तर तोही त्याच अटींवर खुला ठेवावा. त्यातील रचना विलक्षण साधी आहे. जगातील प्रत्येक वस्तू एक बिंदू, बिंदूंना जोडणारी रेषा किंवा त्यांचा परस्परसंबंध म्हणून नोंदवली जाते आणि तिला गुणधर्मांच्या चिठ्ठ्या जोडल्या जातात; एका चिठ्ठीत मुख्य नाव, दुसरीत मराठी नाव, तिसरीत मजल्यांची संख्या, चौथीत उतारमार्ग आहे की नाही. उपग्रहचित्रावरून मिठागराची चौकट किंवा इमारतीची बाह्यरेषा नागपुरात बसूनही आखता येते, परंतु त्या इमारतीचे नाव, संकुलाचे मागचे फाटक रात्री बंद असते की उघडे, पावसाळ्यात कोणत्या गल्लीत पाणी साचते, हे तिथे चालत फिरणाराच सांगू शकतो. मीरा रोडसारख्या शहरात जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहतात आणि मेट्रो मार्ग ९ च्या खांबांनी रस्त्यांची वळणे व ओलांडण्याच्या जागा बदलल्या आहेत. इतक्या वेगाने बदलणाऱ्या वस्तीचा नकाशा ताजा ठेवणे हे दूरच्या कार्यालयापेक्षा स्थानिक माणसाला अधिक साधण्याजोगे आहे. या पद्धतीच्या उणिवाही खऱ्या आहेत: जिथे हौशी नोंदक नाहीत तिथे नकाशा ओसाड राहतो, आणि देशाच्या सीमारेषा तो प्रत्यक्ष ताब्यानुसार दाखवत असल्यामुळे भारतात नकाशा प्रसिद्ध करणाऱ्याला सर्वेक्षण विभागाच्या सीमाच वापराव्या लागतात.

नकाशा वाचणारे सॉफ्टवेअर कोणते, यावर त्याचा उपयोग ठरतो, आणि इथे मुक्तस्रोत म्हणजेच ओपन सोर्स या संकल्पनेची ओळख करून घेतली पाहिजे. प्रोग्रामर जी संहिता लिहितो ती माणसाला वाचता येते. यंत्रासाठी तिचे रूपांतर झाले की हाती येतो तो केवळ आकड्यांचा पुंज. ग्राहकाला फक्त हा पुंज द्यायचा आणि मूळ संहिता स्वतःकडे ठेवायची, ही प्रथा व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये रूढ झाली तेव्हा रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर कोणत्याही हेतूने चालवणे, त्याचा अभ्यास करून त्यात बदल करणे, त्याच्या प्रती वाटणे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटणे, अशी चार स्वातंत्र्ये त्यांच्या चळवळीने मांडली आणि ती टिकावीत म्हणून जीपीएल हा परवाना तयार केला, ज्यानुसार सुधारित प्रत वाटणाऱ्याला तिची संहिताही त्याच अटींवर द्यावी लागते. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिहिलेला लिनक्स हा गाभा पुढे याच परवान्याखाली आला आणि आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी तो आहे. ओपन सोर्स हे नाव १९९८ मधले. अपाचे परवान्यासारखे काही परवाने अधिक सैल आहेत. सुधारित प्रत बंदिस्त ठेवण्याची मुभा ते देतात.

या कायदेशीर तपशिलाचे प्रवाशाच्या दृष्टीने मोल किती, हे मॅप्स.मी या अॅपच्या इतिहासावरून स्पष्ट होते. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती फोनमध्ये साठवून नेटवर्कशिवाय नकाशा आणि मार्गदर्शन देणारे हे अॅप २०११ मध्ये आले, जगभरच्या प्रवाशांत लोकप्रिय झाले, २०१४ मध्ये रशियातील मेल.रू समूहाने ते घेतले आणि २०१५ मध्ये त्याची संहिता अपाचे परवान्याखाली खुली झाली. २०२० च्या अखेरीस ते पुन्हा विकले गेले आणि नव्या मालकाने आणलेल्या रूपाविषयी जुन्या वापरकर्त्यांत नाराजी पसरली. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत गोष्ट इथेच संपली असती. परंतु संहिता खुली असल्याने मूळ कर्त्यांपैकी काहींनी तिची प्रत घेऊन ऑर्गॅनिक मॅप्स हा स्वतंत्र प्रकल्प २०२१ मध्ये लोकांपुढे आणला, जो जाहिराती दाखवत नाही आणि वापरकर्त्याच्या हालचालींचा माग ठेवत नाही. आणि त्याच्याही कारभाराविषयी मतभेद झाले तेव्हा २०२५ मध्ये कोमॅप्स ही आणखी एक शाखा फुटली. अशा फाटाफुटीला काही जण मुक्तस्रोताचे दौर्बल्य मानतात. वस्तुतः तीच त्याची सर्वांत मोठी ताकद आहे, कारण मालक बदलला, हेतू बदलला किंवा कंपनी बुडाली तरी साधन लोकांच्या हातून जात नाही. २०१० पासून विकसित होत असलेले ऑस्मअँड हे जीपीएलखालील अॅप दिसायला किचकट आहे आणि नवख्याला त्यात हरवल्यासारखे होते, तथापि समोच्चरेषा, चाललेल्या वाटेची नोंद, दुसऱ्याने दिलेली वाट उघडून पाहणे अशा गोष्टींत त्याची तोड आढळत नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा, आणि सामान्यतः दुर्लक्षिला जाणारा भाग म्हणजे नकाशावरील देवनागरी. बेव्हर्ली पार्क हे नावच या कामाची चांगली कसोटी आहे. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत बेव्हर्ली हा शब्द ब, एकाराची मात्रा, व, हलन्त चिन्ह, ह, र, हलन्त चिन्ह, ल आणि दीर्घ वेलांटी अशा नऊ संकेतांकांचा क्रम म्हणून साठवला जातो. पडद्यावर मात्र व आणि ह जोडले जाऊन व्ह हे जोडाक्षर दिसले पाहिजे, आणि साठवणीत ल च्या आधी येणारा र रफार होऊन ली च्या डोक्यावर गेला पाहिजे. रोमन लिपीप्रमाणे एकेक अक्षर डावीकडून उजवीकडे मांडत जाणारे सॉफ्टवेअर इथे हमखास फसते आणि पाय मोडलेली, सुटी अक्षरे दाखवते. संकेतांकांवरून योग्य आकार निवडण्याचे आणि त्यांची जागा ठरवण्याचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला आकारण-यंत्रणा म्हणता येईल. अँड्रॉइड, फायरफॉक्स, क्रोम आणि लिब्रेऑफिस या सर्वांत हे काम हार्फबझ ही एकच मुक्तस्रोत यंत्रणा करते. वेबवरील नकाशे रेखाटणाऱ्या मॅपबॉक्स जीएल या संग्रहात देवनागरीसाठी अशी सोय नसल्याने त्यावर बेतलेल्या नकाशांवर मराठी नावे वर्षानुवर्षे मोडकी दिसत राहिली. डिसेंबर २०२० मध्ये त्या संग्रहाचा परवाना बंदिस्त झाला, तेव्हा त्याच्या शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून मॅपलिब्र हा प्रकल्प निघाला; आता हा दोष दूर करण्यासाठी कोणा कंपनीची व्यापारी गरज निर्माण होण्याची वाट पाहावी लागत नाही, भारतीय भाषांतील प्रोग्रामरही त्यात हात घालू शकतात.

भारतीय भाषांच्या या कामाला मुंबई-पुण्याचा हातभार मोठा आहे. व्यंकटेश हरिहरन, प्रकाश अडवाणी आणि जी. करुणाकर यांनी २००० च्या सुमारास चालवलेल्या इंडलिनक्स प्रकल्पाने लिनक्स भारतीय भाषांत आणण्याची दिशा आखली. रेड हॅटने प्रसिद्ध केलेल्या लोहित या मुक्त फाँटमालिकेचे मूळ आरेखन पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे होते, आणि लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या एका पिढीने तीच अक्षरे पाहिली. मुंबईच्या एकटाइप या समूहाचा मुक्त परवान्याखालील मुक्ता फाँट आज संकेतस्थळांपासून छापील पत्रकांपर्यंत सर्वत्र आढळतो. पवईच्या आयआयटी मुंबईतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकवणारे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले. त्यांत क्यूजीआयएस या नकाशाशास्त्रीय सॉफ्टवेअरचाही समावेश आहे, त्यामुळे नकाशा केवळ पाहणाऱ्याला तो बनवण्यापर्यंत जाता येते. अक्षरे, यंत्रणा आणि शिक्षण ही तयारी झालेली असताना वस्त्यांची व बसथांब्यांची मराठी नावे नोंदवण्याचे काम मागे राहावे, ही खेदाची बाब आहे.

वेळापत्रकाची कथा थोडी वेगळी आहे. मुंबईकराच्या फोनमध्ये बहुधा असणारे एम-इंडिकेटर हे अॅप सचिन टेके यांनी २०१० मध्ये आणले; ते मुक्तस्रोत नाही, परंतु लोकलचे वेळापत्रक फोनमध्येच साठवून नेटवर्कशिवाय दाखवण्याची त्याची मूळ कल्पना या शहराच्या प्रवासाची अचूक जाण दाखवते. अमेरिकेतील पोर्टलंड शहराची परिवहन संस्था आणि गूगल यांच्या २००५ मधील सहकार्यातून जीटीएफएस हा वेळापत्रकाचा खुला आराखडा जन्मला: थांबे, मार्ग, फेऱ्या आणि थांब्यावर पोहोचण्याच्या वेळा साध्या मजकूर-फाइलींत लिहून ठेवायच्या की कोणतेही अॅप त्या वाचू शकते, आणि थांब्यांची नावे अनेक भाषांत देण्याचीही त्यात तरतूद आहे. दिल्लीने २०१८ मध्ये आपल्या बसची अशी माहिती आयआयआयटी-दिल्लीच्या साह्याने खुली केली. मीरा-भाईंदरच्या परिवहन सेवेसारख्या छोट्या ताफ्यासाठी हे काम खर्चिक नाही. एक संगणक, एक जाणकार कर्मचारी आणि बदल झाला की नोंद करण्याची शिस्त एवढेच त्याला लागते.

उपकरणांच्या बाबतीत थोडक्यात इतकेच सांगावे, की प्रवासासाठी सर्वांत नवा फोन सर्वांत चांगला असतोच असे नाही. उत्पादकाने अद्ययावत सॉफ्टवेअर देणे थांबवलेल्या जुन्या फोनवर लिनिएजओएससारखी मुक्त प्रणाली बसवता येते आणि तो फोन केवळ नकाशासाठी वाहून घेता येतो. मात्र त्यासाठी उत्पादकाने लावलेले कुलूप उघडता येण्याजोगे असावे लागते, आणि असे फोन बँकांची काही अॅप नाकारतात. पॉवर बँक विमानात नेताना क्षमता वॅट-तासांत मोजली जाते: २०,००० मिलीअँपिअर-तास म्हणजे २० अँपिअर-तास, त्याला ३.७ व्होल्टने गुणले की ७४ वॅट-तास येतात, जे १०० वॅट-तासांच्या सर्वसाधारण मर्यादेत बसते, आणि ती सोबतच्या सामानातच ठेवावी लागते. उपग्रहाचे केवळ ऐकणारे उपकरण आणि उपग्रहाशी बोलणारे उपकरण यांत भारतीय कायदा मोठा फरक करतो. दूरसंचार विभागाच्या परवानगीविना उपग्रह फोन जवळ बाळगणे हा गुन्हा आहे, आणि परदेशातून तशी उपकरणे घेऊन येणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे आधीच जाणून घेतलेले बरे.

ही सर्व साधने एकत्र पणाला लागतात ती सह्याद्रीत. घोडबंदर रस्त्याच्या एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत आणि तिथेही आतल्या वळणांवर नेटवर्क सुटते. माळशेज, नाणेघाट, हरिश्चंद्रगड या पट्ट्यात तर ते नसणेच गृहीत धरावे लागते. गिर्यारोहकांत चाललेल्या वाटेची जीपीएक्स फाइल एकमेकांना देण्याची पद्धत चांगली रुळली आहे: ठरावीक अंतराने नोंदलेले अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ यांची ती साधी मजकूर-यादी असते. तिचा धोकाही तिच्या साधेपणातच आहे, कारण गुरे चारणाऱ्याची पायवाट, पाण्याचा ओढा आणि दोर लावून चढायचा कडा पडद्यावर सारख्याच रेषेने दिसतात. हरिश्चंद्रगडाची पाचनईकडून जाणारी रुळलेली वाट आणि कोकणातून चढणारी नळीची वाट या दोन रेषांमध्ये नकाशावर काही बोटांचेच अंतर असते. पहिली कुटुंबासह चालता येते, दुसरीला अनुभवी सोबती आणि दोर लागतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वाटेची अवघडता नोंदवण्याची सोय आहे, परंतु तिची प्रतवारी स्विस आल्पाइन क्लबच्या वर्गीकरणावर आधारलेली, म्हणजे आल्प्समधील खडक आणि बर्फ गृहीत धरून केलेली आहे. सह्याद्रीत बर्फ नाही. इथे जानेवारीत कोरडी, पकड देणारी कातळपायरी जुलैत शेवाळाने निसरडी होते, धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नाही आणि सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारच्या पावसाने अडवतो. म्हणून वाट नोंदवणाऱ्या स्थानिक गिर्यारोहकाने प्रतवारीच्या चिठ्ठीवर न थांबता वर्णनाच्या रकान्यात पावसाळी स्थिती, पाण्याच्या टाक्यांची जागा, दोर लागणारा टप्पा आणि चुकण्याची शक्यता असलेला फाटा हे मराठीत लिहून ठेवावे, आणि वाट रानात लुप्त झाली असेल तर ती रेषा नकाशावरून काढून टाकण्याचे कामही तितक्याच तत्परतेने करावे.